एका कान्याचं देणं

माझ्या कपाटात २००३ सालचा एक दिवाळी अंक आहे. कव्हर कधीच निघालंय, मधली दोन पानं कसरीनं खाल्लीत, आणि एका लेखाची आठ पानं लाल खुणांनी भरलेली आहेत. लाल पेनावर मी जन्मभर पोट भरलं, पण त्या खुणा माझ्या नाहीत. त्या मला दाखवण्यासाठी केलेल्या आहेत. एकूण एकेचाळीस.

ज्या बाईनं त्या केल्या तिचं नाव लिहीत नाही. तिनंच बजावलंय, नाव छापलंस तर पुन्हा मोजायला येईन म्हणून.

त्या वर्षी श्रावणात संपादकांनी माझ्या टेबलावर फुलस्केप कागदांचा एक गठ्ठा ठेवला. "हे जरा नीट बघा. विषय नाजूक आहे." आमच्याकडे विषय नाजूक असला की प्रूफरीडरनं ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि बाकी सगळं संपादकांवर सोडायचं, असा रिवाज होता. अक्षर मोत्यासारखं. अख्ख्या लेखात शुद्धलेखनाच्या चुका तीन. लिहिणारी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई आहे असं संपादकांनी सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणजे, जन्मानं नाही."

लेखाचं दुसरंच वाक्य होतं, मी आठ वर्षांची होते तेव्हा आजोबांनी माझी मुंज केली.

वाक्यात काही बिघडलं असेल तर ते डोक्याच्या आधी माझ्या हाताला कळतं. मुंज मुलाची. मग 'आठ वर्षांची' कशी? मी पुढं वाचत गेले. विसाव्या वर्षी नोकरी, चोविसाव्या वर्षी घर सोडलं, पुण्याला येऊन साडी नेसायला लागली. झालं, मला नियम सापडला. घर सोडण्यापर्यंत 'होतो, गेलो, रडलो', तिथून पुढं 'होते, गेले, रडले'. 'होते'चं 'होतो' करायला लागतं काय? एक काना. 'ते'च्या पुढं हंसपद काढायचं आणि समासात काना द्यायचा. एक-दोन ठिकाणी 'वर्षांची'चं 'वर्षांचा'. दीड तासात काम संपलं. डीटीपीवाल्यानं रात्रीत दुरुस्त्या घेतल्या. संपादक खूश झाले. वाचक गोंधळला असता, म्हणाले. लेखकाला प्रुफं दाखवायची पद्धत आमच्याकडे मोठ्या नावांपुरतीच होती.

भाऊबीज होऊन गेल्यावर ती ऑफिसात आली. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, केसांचा घट्ट अंबाडा. ऑफिसात एकदम सगळ्यांना कामं आठवली. शिपायानं पाणी आणलं, पण नेहमीच्या स्टीलच्या भांड्यातून नाही, कागदी कपातून. संपादक बाहेर गेले होते. निदान तसं सांगण्यात आलं.

"प्रुफं कोण बघतं?"

"मी."

ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि अंक उघडून माझ्यापुढं सरकवला. प्रत्येक काना लाल पेनानं उडवलेला. खुणाही बरोबर होत्या, समासातलं डिलीटचं वेटोळंसुद्धा आम्ही काढतो तसंच. कुठून शिकली होती कोण जाणे.

"ताई, एकेचाळीस आहेत. दोनदा मोजले."

मी माझा नियम समजावून सांगायला लागले. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या नियमानं मी चोविसाव्या वर्षी जन्मले. मग मुंज कुणाची झाली?"

"त्या मुलाची," मी म्हटलं.

"तिथं मुलगा नव्हताच ताई. तिथं मीच होते. म्हणून तर रडले."

मला काही सुचेना. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि माझी सुटका झाली असं वाटलं. कोल्हापूरहून धाकटा भाऊ बोलत होता. मी नेहमीसारखी बोलले, "हां, रविवारी येतो मी. वहिनीला सांग, जेवूनच येतो, दगदग करू नको म्हणावं." फोन ठेवला तर ती हसत होती. आल्यापासून पहिल्यांदाच.

"कोल्हापूरच्या होय? मग तुम्हाला कुणी दुरुस्त केलं नाही?"

केलं होतं. १९७९ साली लग्न होऊन मी सदाशिव पेठेत आले. आमच्याकडं बायाबापड्या, पोरीबाळी सगळ्या 'मी आलो, मी जातो' म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. सासूबाईंना वाटलं. "अगं, आलो काय, पुरुष आहेस का? आले म्हण." पहिले सहा महिने मी न्हाणीघराचं दार लावून पाठ करायची, आले, गेले, जेवले, झोपले. चारचौघांत चुकून 'आलो' निघालं की नणंदा पदराआड हसायच्या. पुढं जिभेला वळण लागलं, ते इतकं की इतरांचं क्रियापद दुरुस्त करायची मी नोकरी धरली. माहेरच्यांशी बोलताना तेवढी जीभ आपोआप माघारी फिरते. आणि 'आलो' म्हणतानाही मी बाईच असते, हे मला कुणी सांगायला लागत नाही. एवढं सगळं मला ठाऊक होतं, चोवीस वर्षं ठाऊक होतं, आणि तरीही मी एकेचाळीस हंसपदं काढली होती.

मी तिची माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही ते कळलं नाही. मानधनाचं विचारायला ती उठली. चेक तिच्या आताच्या नावानं काढलेला, बँकेतलं खातं जुन्या नावाचं. शेवटी कॅशियरनं पाचशे रुपये पाकिटात घालून दिले आणि व्हाउचरवर सही घेतली. अंक मात्र तिनं माझ्या टेबलावरच ठेवला. "हा तुम्हाला," म्हणाली.

त्यानंतर ती येत राहिली. कधी पुस्तक मागायला, कधी नुसतीच. तिच्याकडून मी जे शिकले ते कुठल्या व्याकरणात नाही. मराठीत साधं चहा पिण्याबद्दल बोलायचं तरी माणसाला आधी आपलं लिंग जाहीर करावं लागतं, मी पितो किंवा मी पिते. इंग्रजीत ही अडचण नाही, बंगालीत नाही. मग पुरुषाच्या कपड्यांत असताना ती काय करायची? "कर्मणी प्रयोग," ती म्हणाली. "'मी जेवलो' म्हणायचं नाही. 'मी भाकरी खाल्ली' म्हणायचं. 'खाल्ली'तलं लिंग भाकरीचं, माझं नाही. 'मी निघतो' नाही, 'मला निघायचंय'. 'मी दमलो' नाही, 'दमायला झालं'. कॉलेजची तीन वर्षं मी कर्मणी आणि भावे प्रयोगात काढली. सर म्हणायचे, तुझं मराठी जरा पुस्तकी आहे."

मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. माझ्या टेबलावर ते कायम असायचं. प्रयोगांचा विचार त्यात किती तरी पानं चाललाय. एखादं माणूस प्रयोगाच्या आड तीन वर्षं लपून राहू शकतं, हे मात्र मला तिनं सांगितलं.

तिच्या बोलण्यामुळं मला आजी आठवायला लागली. त्याआधी कित्येक वर्षं आठवली नव्हती.

आमचं मूळ गाव गडहिंग्लजच्या बाजूचं. मंगळवारी-शुक्रवारी दारात देवीला सोडलेला जोगता यायचा. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन, डोक्यावर यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, आणि मागून एक जण चौंडकं वाजवत. तो आमच्याच गावातला, कुणाचा तरी थोरला मुलगा. आजी सुपातून जोंधळे आणायची, परडीत घालायची, पदर पसरून पाया पडायची आणि त्याला 'आई' म्हणायची. मग पायरीवर बसवून चहा द्यायची. एकाच दमात 'तो आला बघ' आणि 'लई दमलीया बिचारी' म्हणायची. मला आज वाटतं, प्रूफरीडरच्या हाती न लागलेली ती शेवटची जीभ.

असं का होतं, हा प्रश्न आजीला पडलाच नव्हता. "देवीनं धरलंय. देवीपुढं कुणाचं चालतंय?" एवढ्यावर विषय संपायचा. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला यल्लम्मा विधवा होते म्हणून जोगत्याच्या बांगड्या फुटायच्या. ओढ्याकाठी हिरव्या काचांचा ढीग पडलेला आणि तो मोकळ्या कपाळानं बसून हमसून रडतोय, हे मी सहा-सात वर्षांची असताना पाहिलं. माझा समज असा की खोटं खोटं रडत असतील. ते खोटं नव्हतं.

आजीला मोठी करायचा माझा विचार नाही. तिनं पायरी दिली, उंबरठा कधीच दिला नाही. कपबशी वेगळी असायची, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली. आणि त्या माणसाला जोगता व्हायचंय का, की नुसतंच लुगडं नेसून चारचौघींसारखं घर करायचंय, हे विचारायची सोय त्या जगात कुणाला नव्हती. देवीचं होणं एवढा एकच रस्ता होता, आणि त्याच्या शेवटी भीक.

वडील शाळामास्तर. रघुनाथराव कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'चे जुने अंक त्यांनी बांधून ट्रंकेत ठेवले होते, आणि घरात देव्हारा होता तो आजीच्या हट्टानं. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली तेव्हा ते सतरंज्या घालण्यापासून राबले. पोरी देवीला सोडायची चाल बंद झाली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण त्याच झपाट्यात त्यांनी दारातला जोगवाही बंद केला. जोगत्याला म्हणाले, "देवीबिवी काही नाही, हा हार्मोनचा दोष आहे, मिरजेला मोठ्या डॉक्टरला दाखव." भाड्याचे पैसेसुद्धा पुढं केले. त्यानं घेतले नाहीत. त्या दिवसानंतर तो आमच्या पायरीवर बसला नाही. आजीनं दिलेली पायरी वडिलांनी काढून घेतली आणि बदल्यात एका रोगाचं नाव दिलं. वडिलांना शेवटपर्यंत वाटत होतं, आपण त्याला वर उचललं.

वडिलांच्या पिढीचा तो 'दोष' माझ्या लाल पेनाखालून बरीच वर्षं जात राहिला. एका डॉक्टरांचं सदर माझ्याकडं असायचं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत १९८० साली 'ट्रान्ससेक्शुअलिझम' आलं. १९९४ मध्ये ते नाव जाऊन लिंगओळखीचा विकार झाला. २०१३ मध्ये 'विकार' शब्द गेला, 'डिस्फोरिया' म्हणजे जिवाची घालमेल राहिली. मग जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात हे सगळं मनोविकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेऊन ठेवलं. हे मी तिला मोठ्या उत्साहानं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ताई, वॉर्ड बदललाय. डिस्चार्ज अजून व्हायचाय."

मराठी शब्दांचंही तसंच. आधी छापायला लाज वाटेल अशी शिवी, मग अवतरणचिन्हांत 'हिजडा', मग वर्तमानपत्री 'तृतीयपंथी', अलीकडं 'पारलिंगी'. २०१२ साली लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' आलं आणि तो शब्द थेट मुखपृष्ठावर जाऊन बसला. आमच्या संपादकांना तेव्हाही अवतरणचिन्हं हवी होती. मी पहिल्यांदाच नाही म्हटलं.

१५ एप्रिल २०१४ ला दुपारी तिचा फोन आला. सर्वोच्च न्यायालयाचा नालसा खटल्यातला निकाल टीव्हीवर चालू होता. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी तृतीय लिंगाला मान्यता दिली होती. मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, "मला तिसरं नकोच होतं हो. दुसरं हवं होतं." शाळेत व्याकरणाच्या तासाला पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग ही यादी तिसऱ्यापर्यंत आली की मागच्या बाकावर हशा पिकायचा आणि सगळी तोंडं तिच्याकडं वळायची. दुसऱ्या दिवशी सविस्तर बातमी वाचून तिनं पुन्हा फोन केला. न्यायालयानं म्हटलं होतं, स्त्री, पुरुष की तिसरं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, शस्त्रक्रियेची अट घालायची नाही. फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं."

पाच वर्षांनी कायदा आला. २०१९ चा. ट्रान्सजेंडर असल्याचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचं, आणि त्यावर 'स्त्री' लिहून हवं असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला जोडायचा. तिचं वय तेव्हा पन्नाशीला आलेलं, साखर वाढलेली, भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. "हंसपद आता कलेक्टरच्या हातात गेलं," ती म्हणाली. पुण्याचं भाडं परवडेना म्हणून ती सातारच्या बाजूला भाचीकडं राहायला गेली. अजून तिथंच असते. भाचीच्या मुलाचा अभ्यास घेते.

मागच्या वर्षी भावाची नात इंजिनिअरिंगला पुण्यात आली आणि हॉस्टेल मिळेपर्यंत माझ्याकडं राहिली. केस बारीक, सैल शर्ट, दिवसभर कानात काहीतरी. तिसऱ्या आठवड्यात रात्री भांडी पुसताना म्हणाली, "आत्याआजी, एक सांगायचंय." मी फडकं खाली ठेवलं. जे सांगायचं होतं ते सांगून झाल्यावर मी एवढंच विचारलं, "मग तुला काय म्हणू?"

"तो म्हण."

"आधीपासूनचा तो, का आत्तापासूनचा?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू म्हातारीनं खिशातून बंदूक काढली. "आधीपासूनचा," म्हणाला. "तुला कसं माहीत असं विचारायचं?"

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी सिंकला टेकून उभी राहिले. कोल्हापुरात त्याला भाषेचा कधी त्रासच झाला नव्हता. घरात आई, बहीण, काकी सगळ्याच 'जातो, येतो' म्हणणाऱ्या. त्यात याचं 'जातो' बेमालूम खपून गेलं. सतरा वर्षं तो सगळ्यांदेखत स्वतःला तो म्हणत होता आणि कुणाला ऐकू आलं नाही. पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या मुलीनं हसून दुरुस्त केलं, "जाते म्हण गं." तेव्हा त्याला कळलं की आपलं छप्पर उडालं.

आमचं सगळं जमतं असं नाही. मी 'लिंगबदल' म्हटलं की तो चिडतो. बदल कसला, जे आहे तेच आहे, म्हणतो. त्याच्या मोबाइलमध्ये या विषयातले जगभरचे शब्द आहेत, आणि मी गावच्या जोगत्याची गोष्ट काढली की तो अस्वस्थ होतो. "ते वेगळं होतं आत्याआजी, ती अंधश्रद्धा." हुबेहूब माझ्या वडिलांचा आवाज. मी तोंडावर आलेलं गिळते, आणि कधी कधी गिळत नाही. चौंडक्यापुढं अनवाणी चालणाऱ्या माणसाला हॉस्टेलच्या फॉर्मवर 'इतर'चा रकाना नव्हता, एवढाच फरक असेल तर आपण त्याला परका म्हणायचं का, असं मी एकदा म्हटलं. त्याला ते पटलेलं नाही. घरी त्यानं अजून काही सांगितलेलं नाही, तो कधी सांगणार ते मी विचारत नाही.

परवा कपाट आवरताना तो दिवाळी अंक वर आला. भावाचा नातू मांडी घालून वाचत बसला. मध्येच म्हणाला, "एक राहिलाय."

मी चष्मा लावून बघितलं. पहिल्याच पानावर, शाळेतून घरी आलेल्या लेकराला आई विचारते, "आलास माझ्या राजा? जेवलास का रे?" तिथं लाल खूण नव्हती.

वीस वर्षांपूर्वी मीही तिला हेच दाखवलं होतं. मोठी चूक सापडल्याच्या थाटात, बेचाळिसावी म्हणून. ती म्हणाली होती, "ते आईचं वाक्य आहे ताई. दुसऱ्याच्या अवतरणात हात घालू नये, एवढं प्रूफरीडरला कळायला हवं."

मी त्याला ते सांगितलं. तो काही बोलला नाही. तेवढ्यात त्याचा मोबाइल थरथरला. माझ्या भाच्याचा मेसेज होता, कोल्हापूरहून. मला चष्म्यातून स्पष्ट दिसला. 'कॉलेजातनं आलीस का? जेवलीस?'

त्यानं एका अंगठ्यानं लिहिलं, 'आलो. जेवलो.' आणि पान उलटलं.